घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली असेल, त्या अनुभवी गृहस्थाने घर विकण्याविषयी मात्र मौन पाळले आहे. हे मौन साहजिकच म्हटले पाहिजे. आपल्याकडे घर विकणे ही अनुभवाची बाब नव्हती, आपत्तीची होती. कर्ज डोक्यावर बसले, भाऊबंदकी कोर्टात गेली, किंवा घरात दिवा लावावयास कोणी उरले नाही, म्हणजेच वडिलार्जित वास्तू परक्याच्या हाती जात असे. आणि जाताना ती शक्य तितकी गुपचूप जावी, अशीच घरच्यांची इच्छा असे. चार लोकांना हाक मारून ‘या, आमचे घर विकावयाचे आहे, चुलीपर्यंत येऊन पाहून जा,’ असे म्हणण्याची कल्पना त्या काळी कोणासही मानवली नसती.

अमेरिकेत मात्र नेमके हेच करतात. मी गेली कित्येक वर्षे न्यू जर्सी राज्यात राहतो. येथे रविवारी दुपारी एक ते चार या वेळात रस्त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर बाण काढलेल्या पाट्या उभ्या राहतात. त्यांना कधी रंगीत फुगेही बांधलेले असतात. त्या बाणांच्या मागोमाग गेले की एखाद्या घराचे दार सताड उघडे आढळते. आत एजंट हसतमुखाने उभा असतो. टेबलावर बिस्किटांची बशी, घराच्या माहितीचे कागद आणि येणाऱ्यांनी नावे लिहावयाची एक वही, एवढी सामग्री असते. ‘आपण कोण, कोठले’ असे विचारून दारात कोणी अडवीत नाही. वाटेल त्याने यावे, माडीवर जावे, कपाटे उघडून पाहावी, न्हाणीघरातील नळ सोडून पाहावा, आणि आभार मानून चालते व्हावे. या प्रकारास तेथे ‘ओपन हाउस’ म्हणतात. मी आपला त्याला ‘उघडे घर’ म्हणतो.

अशा उघड्या घरांतून हिंडण्याचा छंद मला आणि माझ्या पत्नीला पुष्कळ वर्षे होता. काही घ्यावयाचे नसताना बाजारात फिरण्यात जो एक निर्मळ आनंद असतो, तोच या हिंडण्यात असतो. लोक माळ्यावर काय साठवितात, तळघरात पाणी झिरपत असले तर ते झाकण्याकरिता कोणत्या युक्त्या करतात, आणि स्वयंपाकघरावर अलोट पैसा ओतूनही तेथे स्वयंपाक कसा होत नाही, हे सारे या छंदामुळे आम्हांस घरबसल्या नव्हे, तरी घरोघर फिरून कळले. परंतु हिंडता हिंडता एक प्रश्न मात्र नेहमी मनात येई. आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी बिस्किटे खाऊन परत जावे, एवढ्याकरिता हा खटाटोप खास नसेल. मग अशाने घर खरोखरच विकले जाते काय?

या प्रश्नाचा विचार स्वतःच्या घराच्या निमित्ताने करण्याची वेळ २०१९ च्या वसंतात आली. मुले दूरच्या शहरी नोकरीस लागली होती. जिना चढताना पत्नीचे गुडघे कुरकुरू लागले होते. आणि न्यू जर्सीची घरपट्टी, जी सबंध अमेरिकेत अव्वल मानली जाते, ती वर्षागणिक वाढतच होती. सत्तावीस वर्षे ज्या घरात राहिलो, ते विकून लहान घरात जावयाचे ठरले. आमची एजंट मोठी कर्तबगार बाई होती. तिने सबंध घर फिरून पाहिले आणि मग एक यादी आमच्या हाती दिली. भिंतीवरील मुलांची छायाचित्रे उतरवावी. शीतकपाटावर चिकटविलेले कागद काढावे. आठवडाभर फोडणी देऊ नये. आणि स्वयंपाकघरालगतच्या भिंतीत पुस्तकांकरिता केलेला जो खण होता, ज्यात आमचा गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण सत्तावीस वर्षे नांदत होते, तो रिकामा करावा. ‘जो येईल त्याला हे घर स्वतःचे वाटले पाहिजे, तुमचे वाटता कामा नये,’ असे ती म्हणाली. तिच्या बोलण्यात यत्किंचितही उद्धटपणा नव्हता. पत्नीने देव मऊ वस्त्रात गुंडाळून पेटीत ठेवले, आणि खणाच्या माथ्यावर धरलेली निरांजनाची काजळी ओल्या फडक्याने पुसून काढली. ती सर्व निघाली नाही.

त्या रविवारी मालकाने घरी असू नये, हाही नियम आहे. आम्ही समोरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो. आपल्याच घरात अनोळखी माणसे जाताना आणि तेथून बाहेर येताना खिडकीतून पाहत बसणे हा मोठा चमत्कारिक अनुभव आहे. बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून आपल्या सत्तावीस वर्षांची किंमत वाचण्याचा प्रयत्न मनुष्य करू लागतो. संध्याकाळी वही पाहिली, तेव्हा तीत एकोणीस नावे होती. पैकी आठ आमच्याच गल्लीतली. शेजाऱ्याचे घर काय भावाने जाते हे कळले म्हणजे आपल्या घराचा भाव कळतो, ही त्यांची जिज्ञासा रास्तच होती. चौघे आमच्यासारखेच हौशी निघाले. दोघांना आधी स्वतःचे घर विकावयाचे होते. उरलेल्या पाच जणांचा स्वतःचा कोणी एजंट नव्हता; त्यांना आमच्या एजंटबाईने सोमवारी दूरध्वनी केला. तो आमच्या घराविषयी नव्हता. त्यांना कशा प्रकारचे घर हवे आहे हे विचारण्याकरिता होता. तिने ही गोष्ट मजपासून लपवून ठेवली नाही. उघड्या घरात जशी घरास गिऱ्हाइके मिळण्याची आशा असते, तशी एजंटास नवी गिऱ्हाइके मिळण्याची खात्री असते, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

आमचे घर ज्या जोडप्याने घेतले, ते या एकोणिसांत नव्हते. त्यांनी गुरुवारी संगणकावर छायाचित्रे पाहिली, शनिवारी वेळ ठरवून आपल्या एजंटासह ते पाहून गेले, आणि मंगळवारी त्यांनी किंमत कळविली. आमच्या एजंटबाईचे म्हणणे असे की, रविवारच्या गर्दीची वार्ता कानी गेल्यामुळेच त्यांनी मंगळवारी घाई केली. नाही तर ते आणखी पंधरवडा घासाघीस करीत बसले असते. हे अशक्य नाही. परंतु हे सिद्ध करण्याचा मार्गही नाही. कारण तेच घर त्याच आठवड्यात दार बंद ठेवून पुन्हा विकून पाहता येत नाही. प्रत्येक घर एकदाच विकले जाते, आणि म्हणूनच या धंद्यात प्रत्येकाचे म्हणणे खरे ठरते.

एका घरावरून जे कळत नाही, ते लाखो घरांवरून थोडेफार कळते. अमेरिकेतील एजंटांची जी राष्ट्रीय संघटना आहे, ती दरवर्षी घर घेणारांना प्रश्न विचारते. तिच्याच अलीकडच्या पाहण्यांत असे दिसते की, आपण घेतलेले घर प्रथम इंटरनेटवर आढळले, असे सांगणारे सुमारे निम्मे असतात. त्यांच्या खालोखाल एजंटाने दाखविले असे सांगणारे. आणि दारातील किंवा उघड्या घराची पाटी पाहून ते सापडले असे म्हणणारे शेकडा दहाही भरत नाहीत. शोधाच्या काळात एखाद्या उघड्या घरात डोकावणारे पुष्कळ असतात हे खरे. पण डोकावणे निराळे आणि घर सापडणे निराळे.

यावर असे उत्तर मिळते की, उघडी ठेवलेली घरे लवकर आणि चांगल्या किमतीला जातात. जातही असतील. परंतु जे घर नीटनेटके आहे, चांगल्या वस्तीत आहे आणि ज्याला मागणी येण्याचा संभव आहे, तेच उघडे ठेवण्याचा उत्साह मालकास व एजंटास येतो. मग ते लवकर गेले याचे श्रेय दाराला द्यावयाचे की घराला? आपल्याकडे म्हणतात की, कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही. २०२० साली अमेरिकेत हा प्रयोग खरोखरच घडून आला. महामारीमुळे अनेक राज्यांत उघड्या घरांवर बंदी वा निर्बंध आले. सारी कोंबडी झाकली गेली. तरीही त्या वर्षी छपन्न लाखांहून अधिक जुनी घरे विकली गेली, आणि २००६ नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. याचे कारण, तीस वर्षांच्या गृहकर्जावरील व्याज वर्षअखेरीस पावणेतीन टक्क्यांच्याही खाली उतरले होते. पुढे २०२३ साली दारे पुन्हा सताड उघडली होती, पाट्या होत्या, फुगे होते, बिस्किटे होती. परंतु ऑक्टोबरात व्याज पावणेआठ टक्क्यांच्या वर गेले, आणि वर्षभरात जेमतेम एकेचाळीस लाख घरे विकली गेली. १९९५ नंतर इतकी कमी विक्री झाली नव्हती. घर विकते ते व्याजाच्या दराने, किमतीच्या समजूतदारपणाने आणि वस्तीच्या गुणाने. दार हे फार तर त्यांचे निमित्त होते.

एजंटाचा आणि मालकाचा स्वार्थ एकच आहे, हेही गृहीत धरून चालत नाही. लेव्हिट आणि सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून २००८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचे घर विकतो, तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सरासरीने सुमारे साडेनऊ दिवस अधिक बाजारात ठेवतो, आणि त्याला शेकडा ३.७ अधिक किंमत मिळते. यात लबाडी आहे असे नाही. साधे गणित आहे. सहा टक्के दलाली दोन बाजूंत वाटली जाते, आणि प्रत्येक बाजूच्या वाट्यातील अर्धे पेढीकडे जाते असे धरले, तर घर दहा हजार डॉलरने अधिक विकल्यास मालकाच्या पदरात नऊ हजार चारशे पडतात आणि एजंटाच्या खिशात दीडशे. दीडशे डॉलरकरिता आणखी दहा दिवस थांबण्याचा धीर कोणास असणार? नव्या पाच गिऱ्हाइकांची नावे देणारी रविवारची दुपार त्याला अधिक मोलाची वाटली, तर नवल नाही.

तथापि हे सर्वत्र असेच असते, असेही म्हणता येत नाही. माझा एक भाचा मेलबर्नला राहतो. तेथे शनिवारी ठरावीक अर्ध्या तासापुरते घर उघडतात, असे तीन-चार शनिवार जातात, आणि मग एका शनिवारी घराच्या पुढेच उभे राहून लिलाव होतो. लिलावात बोली ज्याच्या नावावर पडली, त्याला नंतर माघार घेण्याची मुभा नसते. म्हणून घ्यावयाचे असेल त्याने आधी जाऊन पाहिलेच पाहिजे. शिवाय त्या अर्ध्या तासात प्रत्येकास आपले प्रतिस्पर्धी डोळ्यांनी दिसतात. अशा रीतीच्या बाजारात उघडे घर हे विक्रीचे खरेखुरे अंग आहे. न्यू जर्सीत ते बव्हंशी शोभेचे आहे. बाजाराची रीत पाहिल्यावाचून या प्रश्नास होय किंवा नाही असे उत्तर देणारा मनुष्य एक तर एजंट असला पाहिजे, नाही तर एजंटावर रुसलेला मालक.

इतके झाल्यावर, मग आमच्या गावी हे दार उघडावेच कशाला, असा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर मला विक्रीच्या हिशेबात सापडले नाही. ते त्याच वर्षी नोव्हेंबरात, घर विकून झाल्यावर, वृत्तपत्रात सापडले. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडच्या ‘न्यूजडे’ या पत्राने तीन वर्षे खपून एक शोध केला होता. सारखीच मिळकत आणि सारखीच मागणी सांगणाऱ्या माणसांच्या जोड्या त्यांनी एजंटांकडे पाठविल्या; त्यांत एक गोरा आणि दुसरा निराळ्या वंशाचा. कृष्णवर्णीयांना शेकडा ४९, हिस्पॅनिकांना ३९ आणि आशियाई लोकांना १९ वेळा निराळी वागणूक मिळाल्याचे आढळले. कोठे गोऱ्यास घरे लगेच दाखविली गेली, आणि काळ्यास मात्र आधी बँकेच्या कर्जमंजुरीचा कागद आणावयास सांगण्यात आले. घरांच्या व्यवहारात वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून भेद करू नये असा कायदा अमेरिकेत १९६८ सालीच झाला आहे. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्याच्या आत, ११ एप्रिल रोजी, त्यावर सही झाली. पन्नास वर्षांनंतरही भेद उरला होता, आणि तो दारातच, घर दाखवावयाचे की नाही या प्रश्नातच, लपून बसला होता.

कोपऱ्यावर बाणाची पाटी लावून दार उघडे ठेवले, म्हणजे हा प्रश्नच निघत नाही. रविवारी एक वाजता जो येईल तो आत येतो. त्याला दूरध्वनीवर आपला उच्चार ऐकवावा लागत नाही, नाव आधी कळवावे लागत नाही, बँकेचा कागद दाखवावा लागत नाही. १७ ऑगस्ट २०२४ पासून तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची झाली आहे. एका मोठ्या खटल्यातील तडजोडीनुसार त्या दिवसापासून एजंटाने गिऱ्हाइकास घर दाखवावयास नेण्यापूर्वी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो. परंतु उघड्या घरात नुसते जाऊन पाहावयास तो लागत नाही. सहीवाचून उघडणारा दरवाजा आता बहुधा तेवढाच राहिला आहे.

हे वाचताना मला पुण्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. माझी धाकटी बहीण तेथे आपला फ्लॅट विकण्याच्या विचारात आहे. तेथे एजंट एकेक ‘पार्टी’ घेऊन येतो; बहीण चहा करते, आणि कपबश्या ठेवता ठेवता ‘आपण मूळचे कोठले’ अशी चौकशी सुरू होते. आमच्याकडे चहा आणि आडनावाची चौकशी ही एकाच तबकातून येतात. कित्येकदा तर तबक निघण्यापूर्वीच दूरध्वनीवर सारे समजून घेतलेले असते, आणि मग ‘फ्लॅट गेला हो’ असे सांगून पुढचे सारे टळते. जो कधी दारापर्यंत पोहोचलाच नाही, त्याला आपल्यास का नाकारले हे विचारावयाससुद्धा जागा उरत नाही. आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमाचा भेदबंदीचा मुख्य रोख राज्यसंस्थेवर आहे. खाजगी घरमालकास बांधणारा १९६८ च्या अमेरिकन कायद्यासारखा कायदा आपल्याकडे नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतेच राखणे वैध आहे, असा निर्णय अहमदाबादच्या एका संस्थेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. तेव्हा कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे निदान रीत पोहोचावी, असे मला वाटते.

आणि याच विचाराने माझे मन त्या रिकाम्या खणापाशी गेले. देव पेटीत ठेवावयाचा तो सल्ला त्या वेळी आम्हां दोघांनाही झोंबला होता. आमचे म्हणून जे काही त्या घरात होते, तेच नेमके लपवून ठेवावयाचे, यात एक प्रकारचा अपमान आहेच. परंतु जे घर स्वतःची जात सांगत नाही, त्याला येणाऱ्याची जात विचारण्याचा अधिकारही उरत नाही. मालक कोण हे गिऱ्हाइकाने पाहू नये आणि गिऱ्हाइक कोण हे मालकाने पाहू नये; दोघांमध्ये भिंती, छप्पर आणि किंमत एवढेच असावे. बाजार हा पुष्कळ बाबतीत निर्दय असतो. पण त्याच्या या एका आंधळेपणात न्याय आहे.

पत्नीला हे पटत नाही. ‘अहो, देव खणात असते, म्हणून कोणी आत यावयाचे थांबले असते का? आणि थांबले असते, तर अशा माणसाला घर देऊन काय करावयाचे होते?’ असे ती विचारते. तिच्या प्रश्नास माझ्यापाशी चोख उत्तर नाही. न्याय व्हावा म्हणून मनुष्याने स्वतःस किती पुसून टाकावे, हा प्रश्न एका रविवारच्या दुपारीत सुटण्याजोगा नाही. एजंटबाईने मात्र त्या संध्याकाळी एक गोष्ट सांगितली होती. एक तरुण बाई त्या रिकाम्या खणापुढे बराच वेळ उभी राहिली, वरच्या काजळीकडे तिने पाहिले, आणि ‘याचे तोंड कोणत्या दिशेस?’ एवढेच विचारून ती निघून गेली. वहीत तिने नाव लिहिले नव्हते.

परवा बहिणीचे पत्र आले. ‘तुमच्याकडच्यासारखे घर उघडे ठेवले तर फ्लॅट लवकर जाईल काय?’ असे तिने विचारले आहे. मी तिला लिहिले की, लवकर जाईल असे वाटत नाही. किंमत रास्त ठेव, कागदपत्रे तयार ठेव, खिडक्या स्वच्छ पूस. विक्री त्यानेच होईल. पण एखाद्या रविवारी दुपारी पाटी लावून दार अवश्य उघडे ठेव, आणि जो येईल त्याला चहाही दे. आडनाव तेवढे विचारू नकोस. देव मात्र जेथे आहेत तेथेच असू देत, ही शेवटची ओळ पत्नीच्या आग्रहावरून घातली आहे.